किल्ली आपल्या हाती, पण 'लिनक्स'ला दार बंद

गोपनीयता जपणाऱ्या क्लाउड सेवांकडे डेस्कटॉप अॅपची मागणी का होते आहे?

अमरावती/अकोला (प्रतिनिधी) : नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावती शहरात आणि मे २०२३ मध्ये अकोल्यात उद्भवलेल्या तणावानंतर प्रशासनाने इंटरनेट सेवा काही काळ बंद ठेवली होती. त्यापूर्वी जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत अकोला शहरातील अनेक वसाहतींत पाणी शिरले होते. या घटनांचा संगणकातील फायलींशी काय संबंध, असे कोणी विचारील. परंतु ज्यांचे रोजचे काम संगणकावर चालते, त्या वकील, सनदी लेखापाल, डॉक्टर, प्राध्यापक आणि विद्यार्थ्यांसाठी या घटनांत दोन वेगवेगळे धडे आहेत. पुराचा धडा असा, की फायलींची एक प्रत घराबाहेर, कार्यालयाबाहेर असलीच पाहिजे. इंटरनेट बंदीचा धडा असा, की एक प्रत आपल्या स्वतःच्या संगणकावरही असलीच पाहिजे.

ही दोन्ही कामे एकाच वेळी करणारे साधन म्हणजे क्लाउड साठवण सेवेचे डेस्कटॉप अॅप. ते संगणकावर एक फोल्डर तयार करते. त्यात ठेवलेली फाइल आपोआप दूरच्या सर्व्हरवर पोचते आणि तिची प्रत संगणकावरही ठेवता येते. इंटरनेट गेले तरी काम थांबत नाही. ते परत आले, की दोन्हीकडच्या प्रती पुन्हा जुळतात. सर्व्हरच्या मालकालाही आपली फाइल वाचता येऊ नये, अशी तिसरी अट घालणाऱ्यांसाठी गोपनीयता जपणाऱ्या सेवाही उपलब्ध आहेत. मात्र ज्याच्या संगणकावर विंडोज किंवा मॅक नसून लिनक्स आहे, त्याला यांपैकी काही सेवांमध्ये या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत. 'आम्हालाही डेस्कटॉप अॅप द्या' ही लिनक्स वापरणाऱ्यांची मागणी त्यातून आली आहे.

किल्ली कोणाकडे?

सर्वसाधारण क्लाउड सेवेतही फायली सांकेतिक रूपातच साठवल्या जातात. पण तो संकेत उलगडण्याची किल्ली सेवा देणाऱ्या कंपनीकडे असते. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक बँकेची आणि एक ग्राहकाची. येथे मात्र एकट्या कंपनीची किल्ली पुरते. म्हणूनच पासवर्ड विसरला तर कंपनी तो बदलून देऊ शकते, फायलींतील मजकुरात शोध घेऊ शकते आणि कायदेशीर आदेश आल्यास मजकूर सोपवूही शकते.

'एंड-टू-एंड एन्क्रिप्शन' वापरणाऱ्या सेवांमध्ये हा क्रम उलटा असतो. फाइल संगणकातून बाहेर पडण्यापूर्वीच कुलूपबंद होते आणि किल्ली वापरकर्त्याच्या पासवर्डशी बांधलेली असते. सर्व्हरवर पोचतो तो निव्वळ अर्थहीन अक्षरांचा ढीग. कंपनीचा कर्मचारी असो वा सर्व्हर फोडणारा चोर, कोणालाही तो वाचता येत नाही. याची किंमतही आहे. पासवर्ड आणि खाते परत मिळवण्याचा संकेत असे दोन्ही हरवले, तर फायली कायमच्या गेल्या. कंपनीही काही करू शकत नाही. शिवाय फाइल केव्हा चढवली, साधारण किती मोठी होती आणि कोणत्या इंटरनेट पत्त्यावरून आली, ही माहिती कंपनीला कळू शकते. गोपनीयता मजकुराची असते, सर्वच गोष्टींची नव्हे.

लिनक्सच्या अडचणीचे मूळ याच रचनेत आहे. साध्या क्लाउड सेवेने लिनक्ससाठी अॅप दिले नाही, तरी बाहेरचे प्रोग्रामर स्वतः जोडणी तयार करू शकतात. कारण फाइल पाठवणे आणि आणणे एवढेच काम असते. गुप्त सेवेत मात्र कुलूप लावणे, किल्ल्या सांभाळणे, फायलींची नावेसुद्धा सांकेतिक करणे हे सगळे वापरकर्त्याच्या संगणकावर घडते. कंपनीने त्याची पद्धत नीट प्रसिद्ध केली नाही, तर बाहेरच्या माणसाला ती अंदाजाने उलगडावी लागते. त्यात एक चूक झाली, तर फाइल उघडणार नाही किंवा उघडी पडेल. जेथे अधिकृत अॅपची गरज सर्वांत जास्त, तेथेच त्याची उणीव सर्वांत जास्त जाणवते ती यामुळे.

वऱ्हाडात लिनक्स कोठे आहे?

महाराष्ट्रात २००१ पासून 'एमएस-सीआयटी' अभ्यासक्रमाने लाखो लोकांना संगणक शिकवला. तो प्रामुख्याने विंडोजवर होता. त्यामुळे संगणक म्हणजे विंडोज असे समीकरण घट्ट झाले. तरीही लिनक्स या भागाला परका नाही. देशातील जिल्हा व तालुका न्यायालयांसाठी राबवलेल्या 'ई-कोर्ट्स' प्रकल्पात मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा मार्ग स्वीकारण्यात आला आणि न्यायालयीन कामासाठी उबुंटू लिनक्स वापरात आणले गेले. खटल्यांची नोंद ठेवणारी 'सीआयएस' ही प्रणाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे येथील चमूने विकसित केली. अमरावती व अकोल्याची न्यायालये याच राष्ट्रीय प्रकल्पाचा भाग आहेत. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची लिनक्सशी गाठ अभ्यासक्रमातच पडते. मुंबई आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने लिनक्स आणि लिब्रे ऑफिस शिकवणारे ध्वनिचित्र पाठ मराठीतही उपलब्ध केले आहेत.

या संख्येत भर पडण्याचे ताजे कारणही आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे सुस्थितीत असलेले अनेक जुने संगणक अधिकृतपणे नव्या प्रणालीच्या कक्षेबाहेर राहिले. नवा संगणक घेणे न परवडणाऱ्या विद्यार्थ्याला वा छोट्या कार्यालयाला लिनक्स मिंटसारखी विनामूल्य प्रणाली हा स्वाभाविक पर्याय वाटतो. स्टॅटकाउंटर या संस्थेच्या पाहणीनुसार जगभरातील डेस्कटॉप संगणकांतील लिनक्सचा वाटा फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रथमच चार टक्क्यांवर गेला. भारतातील वाटा तर त्या वर्षी दहा टक्क्यांहून अधिक नोंदवला गेला. हे आकडे संकेतस्थळांना दिलेल्या भेटींवरून काढलेले असल्याने ते संगणकांची शिरगणती नव्हेत. कल मात्र त्यांतून स्पष्ट दिसतो.

आश्वासने आणि प्रतीक्षा

लिनक्स वापरणाऱ्यांची प्रतीक्षा जुनी आहे. गुगलने २४ एप्रिल २०१२ रोजी 'ड्राइव्ह' सुरू केले, तेव्हा लिनक्ससाठीही काम सुरू असल्याचे सांगण्यात आले होते. ते अधिकृत अॅप कधीच आले नाही. याउलट २००८ मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या ड्रॉपबॉक्सने प्रारंभापासून लिनक्सला स्थान दिले. पण २०१८ मध्ये त्या कंपनीने लिनक्सवरील 'ईएक्सटी ४' वगळता अन्य फाइल रचनांचा पाठिंबा काढून घेतला. वापरकर्त्यांत मोठी नाराजी उमटली आणि २०१९ मध्ये त्यांतील काही रचनांचा पाठिंबा पुन्हा देण्यात आला. तथापि ड्रॉपबॉक्सच्या सर्वसाधारण खात्यात किल्ली कंपनीकडेच असते.

गोपनीय सेवांपैकी सर्वाधिक चर्चा झाली ती स्वित्झर्लंडच्या प्रोटॉनची. 'सर्न' या संशोधन संस्थेत भेटलेल्या शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये प्रोटॉन मेल सुरू केला. २०२२ मध्ये प्रोटॉन ड्राइव्ह सर्वांसाठी खुले झाले. २०२३ मध्ये प्रथम विंडोजचे आणि नंतर मॅकचे अॅप आले. लिनक्स मात्र मागे राहिले. याच कंपनीची व्हीपीएन आणि पासवर्ड सांभाळणारी अॅप लिनक्सवर चालतात; म्हणून ड्राइव्हची उणीव अधिक खटकते. वापरकर्त्यांच्या मागण्यांत हा विषय सातत्याने वर राहिला, तरी २०२५ च्या मध्यापर्यंत अधिकृत डेस्कटॉप अॅप उपलब्ध झालेले नव्हते. सर्व अॅपना समान पाया देणारा 'एसडीके', म्हणजे प्रोग्रामरसाठीचा तयार संच, विकसित करत असल्याचे कंपनीने त्या वर्षी सांगितले. लिनक्स वापरकर्त्यांच्या आशा त्यावरच आहेत.

दरम्यान 'आरक्लोन' या मुक्तस्रोत साधनात २०२३ पासून प्रोटॉन ड्राइव्हची जोडणी मिळू लागली. कंपनीने आपल्या पद्धतीचा दस्तऐवज प्रसिद्ध केलेला नव्हता. त्यामुळे अधिकृत अॅपचा खुला कोड वाचून आणि ब्राउझरमधील देवाणघेवाण न्याहाळून ती तयार करण्यात आली. सेवेने आतून काही बदल केला, तर अशी जोडणी अडखळण्याचा धोका असतो.

ब्राउझर का पुरत नाही?

'संकेतस्थळ उघडा आणि फाइल चढवा. अॅप हवेच कशाला?' असा प्रश्न रास्त आहे. त्याचे पहिले उत्तर अमरावती व अकोल्याच्या इंटरनेट बंदीत आहे. ब्राउझरमधून वापरलेल्या सेवेतील फायली नेट बंद होताच हाताबाहेर जातात. दुसऱ्या दिवशी सादर करायचा अर्ज, रुग्णाचा जुना अहवाल वा प्रबंधाचे प्रकरण सर्व्हरवर सुरक्षित असते, पण उपयोगाचे नसते.

दुसरे उत्तर माणसाच्या स्वभावात आहे. हाताने चढवण्याची फाइल रोज चढवली जाईलच, याची खात्री नाही. जे काम आपोआप होते तेच नियमित होते. तिसरे कारण तांत्रिक आहे. ब्राउझरमध्ये कुलूप लावणारा प्रोग्राम सर्व्हरवरून आलेला असतो आणि तो केव्हाही बदलला जाऊ शकतो. संगणकावर बसवलेले अॅप तुलनेने स्थिर असते. त्याचा कोड खुला असेल तर तज्ज्ञांना तो तपासताही येतो. खूप मोठ्या किंवा असंख्य फायली ब्राउझरमधून चढवणे जिकिरीचे होते, हे वेगळेच.

परदेशी सेवा भारतात अडवली जाण्याची शक्यताही विचारात घ्यावी लागते. मे २०२० मध्ये 'वीट्रान्सफर' ही फाइल पाठवण्याची सेवा दूरसंचार विभागाच्या आदेशाने रोखण्यात आली होती. एप्रिल २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने प्रोटॉन मेल भारतात रोखण्याच्या दृष्टीने कार्यवाही करण्याचे निर्देश केंद्राला दिले. त्या आदेशाचा विषय ई-मेल होता, साठवण नव्हे. परंतु ज्याच्या संगणकावर फायलींची प्रत आहे, त्याचे अशा प्रसंगी नुकसान होत नाही, एवढा बोध त्यातून घेता येतो.

अडचण खरी कोठे?

कंपन्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. विंडोज १० मध्ये २०१७ पासून क्लाउड फायलींसाठी स्वतंत्र सोय आहे. फाइल यादीत दिसते, पण उघडल्यावरच उतरते. मॅकमध्येही तशी यंत्रणा आहे. लिनक्समध्ये सर्वत्र सारखी चालणारी अशी सोय नाही. 'फ्यूज' या साधनाच्या आधारे बनावट ड्राइव्ह तयार करावा लागतो किंवा सगळ्या फायलींच्या प्रती उतरवाव्या लागतात.

लिनक्स ही एकच प्रणाली नसून ते एक मोठे कुटुंब आहे, हा दुसरा अडथळा. उबुंटू, फेडोरा, मिंट, डेबियन यांच्या सॉफ्टवेअर बसवण्याच्या पद्धती वेगळ्या. पासवर्ड सुरक्षित ठेवण्याची सोय ग्नोममध्ये एक, केडीईमध्ये दुसरी. विंडोजवर 'रिपोर्ट' हे इंग्रजी नाव मोठ्या किंवा लहान लिपीत लिहिले तरी फाइल एकच मानली जाते. लिनक्सवर त्या दोन वेगळ्या फायली ठरतात. दोन्ही प्रकारच्या संगणकांमध्ये फायली जुळवताना अॅपने काय करावे, हे आधीच ठरवावे लागते. बदललेल्या फायलींवर लक्ष ठेवणाऱ्या लिनक्सच्या यंत्रणेलाही संख्येची मर्यादा असते. यांतील एकही अडचण अशक्य कोटीतील नाही. पण प्रत्येकीला वेळ आणि माणसे लागतात. वापरकर्ते कमी म्हणून अॅप नाही आणि अॅप नाही म्हणून वापरकर्ते वाढत नाहीत, असे हे चक्र आहे.

परंतु 'वापरकर्ते कमी' हा युक्तिवाद गोपनीय सेवांच्या बाबतीत लंगडा पडतो. आपल्या संगणकात काय चालते हे कळावे म्हणून अनेक जण लिनक्सकडे वळतात. आपल्या फायली कोण वाचतो याची काळजीही त्यांनाच अधिक असते. म्हणजे या सेवांचा जो हक्काचा ग्राहक, तोच दाराबाहेर थांबलेला असतो.

ज्यांनी करून दाखवले

हे काम होऊ शकते, याचे पुरावे आहेत. हंगेरीत स्थापन झालेली आणि २०२१ मध्ये स्विस पोस्टने बहुसंख्य हिस्सा घेतलेली ट्रेझोरिट, न्यूझीलंडमध्ये २०१३ मध्ये सुरू झालेली मेगा, जर्मनीची फायलन आणि स्पेनची इंटरनेक्स्ट या सेवांनी लिनक्ससाठी डेस्कटॉप अॅप दिले आहे. स्वित्झर्लंडच्या पीक्लाउडचेही लिनक्स अॅप आहे; मात्र तेथे किल्ली आपल्याकडे ठेवण्याची सोय वेगळे पैसे भरून घ्यावी लागते.

तथापि अॅप आहे म्हणजे सर्व काही ठीक, असे समजू नये. झुरिच येथील ईटीएच विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये मेगाच्या एन्क्रिप्शनमधील गंभीर दोष दाखवून दिले आणि कंपनीने त्यावर दुरुस्ती जारी केली. याच विद्यापीठातील संशोधकांनी २०२४ मध्ये सिंक, पीक्लाउड, आइसड्राइव्ह, सीफाइल आणि ट्रेझोरिट या पाच सेवा तपासल्या. पाचही सेवांत कमी-अधिक उणिवा आढळल्या. त्यांत ट्रेझोरिटची स्थिती इतरांपेक्षा बरी होती. जाहिरातीतील 'संपूर्ण सुरक्षित' हे शब्द आणि प्रत्यक्ष रचना यांत अंतर असू शकते. म्हणून अॅपचा कोड खुला आहे काय आणि त्याची त्रयस्थ तपासणी झाली आहे काय, हे पाहणे अगत्याचे ठरते.

कायद्याची बाजू

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे धोरण आहे. इतरांची वैयक्तिक माहिती हाताळणाऱ्याने तिच्या सुरक्षेसाठी वाजवी उपाय योजले पाहिजेत, असे कायदा सांगतो. त्यात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कायदा एन्क्रिप्शनची अमुकच सेवा वापरा असे म्हणत नाही. पण अशिलाचे कागद, करदात्याची विवरणपत्रे वा रुग्णाचे अहवाल संगणकावर ठेवणाऱ्या छोट्या कार्यालयालाही आता 'माहिती कोठे आणि कोणाच्या किल्लीखाली आहे' हा प्रश्न टाळता येणार नाही.

आज काय करता येईल?

लिनक्स वापरणाऱ्याला अॅपची वाट पाहत हात बांधून बसण्याची गरज नाही. पुढील मार्ग आज उपलब्ध आहेत.

* स्वतःचे कुलूप, दुसऱ्याची जागा : क्रिप्टोमेटर हे मुक्तस्रोत साधन फायली व त्यांची नावे संगणकावरच कुलूपबंद करते. ती तिजोरी ड्रॉपबॉक्सच्या फोल्डरमध्ये ठेवली, तर लिनक्सचे अधिकृत अॅप आणि आपली किल्ली असे दोन्ही साधते. नवख्या वापरकर्त्याला हा मार्ग सर्वांत सोपा.

* आरक्लोन : यातील 'क्रिप्ट' सोय अनेक क्लाउड सेवांवर फायली कुलूपबंद करून पाठवते. मात्र ते आज्ञा टंकून चालवावे लागते. ठरावीक वेळी आपोआप चालण्याची व्यवस्था एकदा जाणकाराकडून करून घ्यावी.

* सिंकथिंग : यात क्लाउड कंपनीच नसते. आपलेच दोन संगणक एकमेकांशी फायली जुळवतात. एक अमरावतीच्या कार्यालयात आणि दुसरा अकोल्याच्या घरी असेल, तर पुराचा धोकाही विभागला जातो. एकाच इमारतीतील संगणक तर इंटरनेट बंद असतानाही स्थानिक जाळ्यावरून फायली जुळवू शकतात. अट एवढीच, की दोन्ही संगणक एकाच वेळी सुरू असले पाहिजेत.

* नेक्स्टक्लाउड : महाविद्यालये वा मोठी कार्यालये स्वतःचा सर्व्हर उभारू शकतात. याचे लिनक्स अॅप चांगले आहे. परंतु सर्व्हरची निगा, वीजपुरवठा आणि सुरक्षा ही जबाबदारी स्वतःची असते.

कोणताही मार्ग निवडला, तरी एक भेद विसरू नये. दोन्हीकडे फायली जुळवणे म्हणजे बॅकअप नव्हे. एका ठिकाणी चुकून पुसलेली फाइल दुसरीकडेही पुसली जाते. त्यामुळे एखाद्या बाह्य हार्ड डिस्कवर वेगळी, कुलूपबंद प्रत ठेवणे आवश्यक आहे. पासवर्ड आणि खाते परत मिळवण्याचा संकेत कागदावर लिहून सुरक्षित ठेवावा.

सेवा देणाऱ्या कंपन्यांकडून अपेक्षाही मर्यादित आहे. प्रत्येक लिनक्स प्रकारासाठी वेगळे अॅप कोणी मागत नाही. एक-दोन प्रमुख प्रकारांवर नीट चालणारे अॅप द्यावे. ते जमत नसेल तर आपली पद्धत आणि एसडीके खुले करावे, म्हणजे उरलेले काम मुक्तस्रोत समुदाय करू शकेल. ग्राहकांनीही वर्षाची वर्गणी भरण्यापूर्वी हा प्रश्न विचारावा. 'लवकरच येत आहे' या आश्वासनावर पैसे भरू नयेत. आज काय चालते तेवढेच पाहावे.

आपली व्यवस्था पुरेशी आहे काय, हे तपासण्याचा उपाय सोपा आहे. महिन्यातून एकदा राउटर बंद करून महत्त्वाची फाइल उघडते काय ते पाहावे. त्यानंतर इंटरनेट सुरू करून तीच फाइल दुसऱ्या संगणकावर उतरवून पाहावी. या दोन्ही परीक्षांत व्यवस्था उतरली, तर पूर किंवा इंटरनेट बंदी आली तरी काम अडणार नाही.